सुलोचनाबाईंचा नंबर

"नंबर संपलेत," हे पद्मजा मगदूमनं त्या आठवड्यात इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ती झोपेतही हेच बरळत असेल, असं तिची सहकारी आफरीन म्हणायची. आणि ऐकणारा कुणीही असो, मंत्रालयातला सचिव, वर्तमानपत्राचा बातमीदार, नाहीतर ऑफिसच्या कॅन्टीनचा मालक, प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: "मग वाढवा की!"

वाढवा की! जसं काही पंगतीला चार माणसं जास्त आलीत आणि आणखी चार पत्रावळ्या मांडायच्यात.

आता हे नंबर कसले, ते सांगायला हवं. सांगली जिल्ह्यात तोवर दवाखान्यातल्या खाटा ऑपरेशनपुरत्याच उरल्या होत्या. बाकी सगळं आजारपण घरी. कुणाच्या घरी श्वासाचं यंत्र, कुणाच्या घरी इन्सुलिनचा पंप, कुणाच्या घरी नळीतून पोटात अन्न सोडणारा पंप. ही यंत्रं स्वस्त होती, कारण त्यांना स्वतःचं डोकं नव्हतं. सगळ्यांचं डोकं कुपवाडच्या केंद्रातल्या एका भल्यामोठ्या संगणकात. त्या व्यवस्थेचं नाव धमनी. घरातल्या एकेका यंत्रासाठी धमनीत एकेक प्रोग्रॅम धावत असायचा. अशा धावत्या प्रोग्रॅमला म्हणायचं प्रोसेस. या साऱ्या प्रोसेसना शिस्तीत ठेवणारा, कुणी कधी धावायचं आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरवणारा, संगणकाचा सगळ्यात आतला प्रोग्रॅम म्हणजे कर्नेल. त्या कर्नेलची देखभाल पद्मजाकडे होती.

कर्नेलला नावं कळत नाहीत. जन्माला आलेल्या प्रत्येक प्रोसेसला तो एक नंबर देतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या नंबरावर. अमक्या नंबराला वेग वाढव म्हणायचं, तमक्या नंबराला थांब म्हणायचं. घराघरांतल्या यंत्रांच्या चिपमध्ये या नंबरासाठी जेवढी जागा कोरलेली, तेवढेच नंबर. वाढवायचे तर जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात जाऊन चिप बदलायला हवी. एवढं समजावून झालं की सचिव म्हणायचे, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी करा ना."

पण पद्मजाची खरी चिडचिड वेगळीच होती. जिवंत माणसांना ते नंबर पुरून उरले असते. संपवले होते ते मेलेल्यांनी.

प्रोसेस संपते तेव्हा तिचं काम थांबतं, तिची जागा परत घेतली जाते, ती वीजही खात नाही. फक्त कर्नेलच्या तक्त्यात तिची एक ओळ उरते. त्या ओळीत तिचा नंबर आणि अखेरचा अहवाल: ती कशी संपली, आपणहून, की बिघडून, की कुणी थांबवली म्हणून. ज्यानं तिला सुरू केलं त्यानं येऊन "काय झालं?" असं विचारेपर्यंत ती ओळ थांबून राहते. विचारलं, अहवाल दिला, की ओळ पुसली आणि नंबर दुसऱ्याला मोकळा. संगणकाच्या धंद्यात ही रीत फार जुनी आणि शहाणपणाची. अशा ताटकळलेल्या ओळीला केंद्रात सगळे 'भूत' म्हणत. एरवी भुताचं आयुष्य डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं, कारण विचारणाराही प्रोग्रॅमच असतो आणि तो लगेच विचारतो.

धमनी सुरू करताना मात्र त्यात एक समिती घुसली. भली माणसं होती. त्यांना वाटलं, रुग्ण दगावला तर त्याचा अखेरचा अहवाल यंत्रानं परस्पर उरकू नये, घरच्या माणसानं घ्यावा. म्हणून प्रत्येक घराच्या भिंतीवर यंत्राला हुकूम द्यायचं जे पॅनेल असतं त्यावर नाव येणार, त्याखाली घरच्यांनी अंगठा लावायचा, मग अहवाल उघडणार: शेवटी हृदय कसं चाललं होतं, श्वास कसा होता, यंत्रानं काय केलं. तो वाचला की नंबर सुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आपल्या आईचं नाव आपल्याच अंगठ्यानं पुसायला घरातलं कोण पुढं होणार आहे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

कुणीच पुढं झालं नाही. वर्षानुवर्षं घराघरांतल्या पॅनेलवर गेलेल्यांची नावं तशीच उजळत राहिली. आणि आता दवाखान्यातून घरी निघालेल्या जिवंत माणसाचं यंत्र चालू करायला गेलं की कर्नेल सांगायचा, नंबर शिल्लक नाही.

या सगळ्या अंगठा न लावणाऱ्यांत पहिला मान पद्मजाच्या स्वतःच्या वडिलांचा. म्हणजे बघा!

बाबगोंडा मगदूम, घरात आणि गल्लीत अण्णा. सांगली स्टँडवर एसटीचे वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म गेला. माईक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत ऐकू जाईल असा आवाज. बायको सुलोचना गेली त्याला दोन वर्षं झाली होती आणि ही दोन वर्षं पद्मजा त्यांच्या मागे लागली होती. आधी गोड बोलून झालं. मग रडून झालं. "अण्णा, मी त्याच खात्यात काम करते, लोक मला नावं ठेवतात," असंही सांगून झालं. त्यावर अण्णा म्हणाले, "तुझ्या खात्यात भूत म्हणतात ना गं तिला? त्यांना सांग, मगदुमाची बायको आहे ती." शेवटी पद्मजानं थापा मारायला सुरुवात केली. अंगठा लावला नाही तर पॅनेल पेटेल म्हणाली. पेन्शन अडकेल म्हणाली. एकदा तर चक्क आफरीनला पोलीस बनवून फोन करायला लावला. अण्णांनी प्रत्येक थाप पकडली आणि वर "बरं झालं, करमणूक झाली," म्हणाले. पद्मजानं हात टेकले.

त्या दिवशी सकाळी केंद्राचे संचालक टेंबे सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं की आता कुणाच्या अंगठ्याची वाट बघायची नाही. सगळी भुतं एकदम पुसायची.

"सर, असं नाही करता येणार," पद्मजा म्हणाली.

"का? मेलीच आहेत ना ती?"

"ती मेलीत, पण घरच्या पॅनेलला ते माहीत नाही. अंगठा लावल्यावरच पॅनेल तो नंबर विसरतं. आपण इथून पुसलं तर पॅनेलला वाटत राहणार की तो नंबर अजून आपलाच. आणि पॅनेलला हुकूम द्यायचा परवाना त्या नंबरावर मिळालेला आहे, माणसाच्या नावावर नाही. उद्या तोच नंबर दुसऱ्या कुणाला गेला आणि जुन्या घरातून हुकूम सुटला, तर तो त्या दुसऱ्यावर चालेल. म्हणून मी केव्हापासून म्हणतेय, नंबराबरोबर जन्मवेळही जोडू या. नंबर तोच असला तरी जन्मवेळ वेगळी निघाली की हुकूम परत पाठवायचा. सोपं आहे."

"ते पुढच्या टप्प्यात," टेंबे म्हणाले. हे ते तीन वर्षं म्हणत होते. "आणि मला सांगा, मेलेल्या माणसाच्या यंत्राला हुकूम देणार कोण? वेडबिड लागलंय का कुणाला?"

माणूस चिडकाच, पण मुद्दा बिनतोड होता. मेलेल्याच्या यंत्राला कोण कशाला थांब म्हणेल?

टेंबेंनी भुतं पुसली. तक्ता एकदम हलका झाला. खोळंबलेल्या रुग्णांना धडाधड नंबर मिळू लागले, दवाखान्यांचे आभाराचे फोन आले, सचिवांनी टेंबेंना शाबासकी दिली आणि टेंबेंनी सगळ्या स्टाफला भडंग मागवलं. पद्मजानंही खाल्लं. इतक्या महिन्यांची कटकट अशी सरली म्हणताना तिला खरं तर हायसंच वाटत होतं. दुपार कलल्यावर तिनं मुद्दाम अण्णांना फोन लावला. आता तुमच्या अंगठ्याची कुणाला गरज नाही, हे तिला जरा ठसक्यात ऐकवायचं होतं.

"अण्णा, सुटलात तुम्ही. आणि मीही. आम्ही इथूनच मोकळं केलं सगळं."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "ठेव आता. जेवून घेतो आणि पंप बंद करतो. दिवस कलला."

"कुठला पंप?"

"तुझ्या आईचा."

पद्मजाच्या हातातलं भडंग तसंच राहिलं.

"अण्णा, पंप तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी परत नेला. आईचा पंप कुठला बंद करता?"

"पंप नेला, बटण कुठं नेलं? तिच्या नावाखाली आहे की 'थांब' म्हणून. रोज दाबतो. नेम आहे तिचा."

तो नेम पद्मजाला चांगला ठाऊक होता. सुलोचनाबाईंनी तरुणपणी जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, मुनिमहाराजांपुढे नेम घेतला होता, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. लकव्यानं त्यांची वाचा गेली, गिळणं गेलं, पोटात नळी आली आणि डॉक्टरांनी अन्नाचा पंप चोवीस तास लावला. संध्याकाळ झाली की सुलोचनाबाई खिडकीकडे बघायच्या, मग पंपाकडे, मग अण्णांकडे. डॉक्टर काय म्हणायचे ते म्हणोत, अण्णा उठून 'थांब' दाबायचे. सकाळी उजाडल्यावर पुन्हा चालू. त्या असेपर्यंत यात एक दिवस खंड नव्हता. आणि आत्ता पद्मजाला कळत होतं की त्यानंतरही नव्हता.

आजवर ते बिनधोक होतं. भुताला कितीही वेळा थांब म्हणा, ते आधीच थांबलेलं असतं. पण आज सकाळपासून त्या नंबराचं भूत राहिलं नव्हतं.

"अण्णा, आज दाबू नका. थांबा हं, फोन ठेवू नका." तिनं रिसीव्हर छातीशी धरून हाक मारली, "आफरीन! आईचा नंबर. आमच्या घरचा. कुणाला गेलाय बघ."

एरवी परत आलेला नंबर कर्नेल लगेच दुसऱ्याला देत नाही. तो पुढचे पुढचे नंबर देत जातो आणि पूर्ण फेरी मारून आल्यावरच जुन्यांना हात लावतो. पण इथं पुढं जागाच नव्हती. सकाळी पुसलेले नंबर दुपारपर्यंत नव्या लोकांना वाटून झाले होते.

आफरीननं पडद्यावर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, तासगाव. उत्तम शेळके. श्वासाचं यंत्र. दुपारीच घरी सोडलंय."

पद्मजानं फोन कानाला लावला. "अण्णा, नीट ऐका. आईचा नंबर आता दुसऱ्या माणसाला दिलाय. तो त्या नंबरावर श्वास घेतोय. तुम्ही थांब म्हणालात तर त्याचा श्वास थांबेल."

पलीकडे अण्णा खो खो हसले.

"ही नवीन आहे! पॅनेल पेटणार म्हणालीस, पेन्शन अडकणार म्हणालीस, पोलीस झाले. आता माणूस मारायला निघालीस काय?"

"अण्णा, देवाशपथ खरं सांगतेय!"

"पेन्शनच्या वेळी पण देवच होता की गं." आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात. जेवताना ते फोन घेत नसत.

पद्मजा गाडीच्या चाव्या घेऊन पळाली.

कुपवाडहून वखारभागातल्या घरी जायचं म्हणजे एरवीच जिवावर येतं, त्यात ती हळदीच्या सौद्यांची वेळ. पुढं ट्रॅक्टर, बाजूला टेम्पो, मागून हॉर्न. तिनं सगळ्यांना शिव्या दिल्या, टेंबेंना त्यातल्या दोन खास. दिवस अजून हातभर वर होता. गाडीतल्या फोनवर आफरीन बोलत होती.

"ताई, उत्तम पैलवान आहे. मैदानात मान मोडली त्याची. गळ्याखाली काही हलत नाही, श्वासही स्वतःचा नाही. घरी फक्त आई. सिस्टर दुपारी यंत्र जोडून परत निघालेली, तिला अर्ध्या वाटेतून मागं फिरवलंय. पण ती पोचेपर्यंत अंधार पडेल."

"इथून नंबर बदलता येतो का बघ."

"धावत्या प्रोसेसचा नंबर कसा बदलणार? ती बंद करून नवी सुरू करावी लागणार. तेवढा वेळ कुणीतरी हातानं पिशवी दाबून त्याला श्वास द्यायला हवा. त्याच्या आईचे हात असे कापतायत की मी तिला पिशवी धर म्हणूच शकत नाही."

"आणि 'थांब' अडवता येणार नाही."

"नाही. तो एकच हुकूम कुठल्याही प्रोसेसला नाकारता येत नाही, ताई. आपणच तसं ठेवलंय. यंत्र बिघडलं तर घरच्यांना थांबवता यायलाच हवं म्हणून." आफरीन पुढं म्हणाली, "धोक्याची घंटाही त्याच प्रोसेसमध्ये आहे. ती थांबली की घंटाही वाजणार नाही."

"नवे नंबर देणं बंद कर. आणि टेंबेंना म्हणावं भडंग खाली ठेवा आणि पुसलेल्या एकेका घराला स्वतः फोन करा. कोण कुणाच्या नावानं काय दाबतंय ते विचारा."

"नंबर केव्हाच बंद केलेत, ताई. फोनही सुरू केलेत त्यांनी." आफरीनचा आवाज बदलला होता. "पुष्कळ जण दाबतात. एक बाई रोज रात्री नवऱ्याच्या ऑक्सिजनचा वेग कमी करते. तो झोपला की आवाज नको म्हणून. टेंबे सर नुसते बसून राहिलेत."

पद्मजानं गाडी फुटपाथवर चढवली आणि टेम्पोच्या पुढं काढली.

घराचं दार उघडंच होतं. अण्णांचं जेवण झालं होतं, ताट घासून पालथं घातलेलं होतं, आणि धुतलेला सदरा घालून ते पॅनेलपुढं उभे होते. खिडकीतून समोरच्या गच्चीवर शेवटचं ऊन होतं. पॅनेलवर 'सुलोचना बाबगोंडा मगदूम' आणि त्याखाली 'थांब'.

"हात मागं घ्या!" पद्मजा दारातूनच ओरडली.

"आलीस? एवढ्यासाठी गाडी पळवत आलीस?" अण्णांना खरंच आश्चर्य वाटलं. "चहा घेणार का?"

ती धावत जाऊन त्यांच्या आणि पॅनेलच्या मधे उभी राहिली.

"बाजूला हो, पद्मे. दिवस चाललाय."

"नाही होणार."

"मग पॅनेलच काढून ने की. तुझंच खातं आहे. ओढ ती तार."

"तार ओढली तर पॅनेल जाता जाता आपल्या सगळ्या नंबरांना थांब सांगून जातं! अशीच रचना आहे त्याची. अण्णा, तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे?"

"मला वाटतं, तू थापाडी आहेस," अण्णा शांतपणे म्हणाले. "स्वतःच्या आईची एवढीशी गोष्ट तुला बघवत नाही. आयुष्यभर तिनं काही मागितलं नाही. बोलता येत नव्हतं तेव्हा डोळ्यांनी हे एक मागितलं. हो बाजूला."

त्यांनी तिचा दंड धरला. या वयातही हाताला जोर होता. पद्मजाला रडूही येत होतं आणि त्यांच्या थोबाडीत मारावीशीही वाटत होती. तिनं फोन वर धरला आणि त्यात किंचाळली, "आफरीन, त्याला जोड! चेहरा दिसू दे!"

फोनच्या पडद्यावर एक खोली आली. पलंग, पांढरी चादर, आणि उशीवर एक रुंद चेहरा. दोन्ही कान कुस्तीनं चुरगाळलेले. गळ्याशी नळी. बाजूला यंत्राचा आवाज, फुस् आणि फुस्. पलंगाच्या कडेला एक बाई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

"हा कोण?" अण्णा म्हणाले. "हा पण तुझ्या ऑफिसातलाच का?"

"काका," पडद्यातला म्हणाला. यंत्रानं श्वास बाहेर सोडला की त्यालाही दोन शब्द बाहेर टाकता यायचे, मग पुन्हा थांबायचं. "मी उत्तम. बटण... नका दाबू."

अण्णांनी डोळे बारीक केले. "तालीम कुठली तुझी?"

"गावचीच. वस्ताद... बापू माने."

"पडलास कसा?"

"ढाक मारायला गेलो." फुस्. "उलटा आलो." फुस्. "माझीच चूक."

अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. थाप मारायला बसलेला माणूस स्वतःची चूक सांगत नाही, हे त्यांना स्टँडवरच्या इतक्या वर्षांत पक्कं कळलेलं होतं. त्यांनी पद्मजाचा दंड सोडला. मग पडद्यातल्या बाईला म्हणाले, "बाई, तुम्ही बसा. कुणी काही दाबत नाही." स्टँडवरचा तो मोठा आवाज कुठच्या कुठं गेला होता.

समोरच्या गच्चीवरचं ऊन सरकत सरकत गेलं. अण्णा खिडकीशी उभे राहून ते बघत होते. त्यांचा उजवा हात नुसताच उघडत होता, मिटत होता.

"मोडला," ते म्हणाले. "आज मोडला तिचा नेम."

पद्मजाचा बांध फुटला. दिवसभराची धावपळ, दोन वर्षांचा वैताग, सगळं एकदम तोंडाशी आलं. "कुणाचा नेम, अण्णा? पंप नाही, नळी नाही, आई नाही! आई गेलीये! कधी शिरणार हे तुमच्या डोक्यात?"

"मला माहीत नाही होय? मी काय खुळा आहे? खांदा दिलाय मी तिला."

"मग रोज ते बटण कशाला दाबता?"

"संध्याकाळी दुसरं काय करू?" अण्णा म्हणाले.

पद्मजा खुर्चीत बसली. फोनमधून पैलवानाच्या यंत्राचा आवाज येत होता.

मग अण्णा पॅनेलकडं वळले. "चल. लावतो अंगठा. तुझ्या मनासारखं होऊ दे."

"अण्णा, आता नको."

"आता नको? दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस आणि आता नको?"

"आता उपयोग नाही त्याचा. ऐका माझं..."

पण मगदुमांनी एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी सदऱ्याला अंगठा पुसला, चष्मा नाकावर सरकवला आणि सुलोचनाबाईंच्या नावाखाली अंगठा टेकवला. नुसता अहवाल मागण्यानं कुणाला इजा होत नाही, म्हणून पद्मजानं त्यांना धरलं नाही. तिला बघवेना एवढंच. पॅनेलनं त्या नंबराची चौकशी केली आणि उत्तर आणलं. अण्णांनी स्टँडवर गाड्या पुकारायचे तसं ते मोठ्यानं वाचलं.

"सदर प्रक्रिया संपलेली नाही. चालू आहे."

त्यांनी पुन्हा वाचलं, मनात. मग लेकीकडं वळले. "हे काय गं?"

पद्मजाला सांगावंच लागलं. पॅनेल ज्याला सुलोचना समजतंय तो तासगावचा उत्तम आहे, चालू आहे तो त्याचा श्वास. आईची ओळख सांगणारी ओळ सकाळी टेंबेंनी पुसली, आणि तिच्याबरोबर अहवालही गेला.

"म्हणजे तो आता कुणालाच वाचता येणार नाही?"

"नाही."

तेवढ्यात फोनमध्ये गडबड झाली. सिस्टर पोचली होती. तिनं पिशवी हातात घेतली, आफरीननं जुनी प्रोसेस बंद करून नवी सुरू केली, चौकशी करून निवडलेल्या नव्या नंबरावर यंत्र पुन्हा फुस् म्हणालं. "झालं ताई," आफरीन म्हणाली. तिकडं उत्तमची आई मोठ्यानं रडायला लागली. आफरीननं फोन बंद केला आणि घरात एकदम शांत झालं.

अण्णा पलंगावर टेकले. सुलोचनाबाईंचाच पलंग तो.

"मी तेव्हा बस्तीत गेलो होतो," ते म्हणाले. "दुपारची. तिला डोळा लागलेला म्हणून गेलो. आलो तर संपलेलं होतं सगळं. त्यात असेल ना गं लिहिलेलं, काय झालं, कसं झालं?"

"असणार."

"तू वाचलं असशील. अंगठा तुझाही चालत होता की या घरात."

पद्मजानं नकारार्थी मान हलवली.

"नाही वाचलंस? तुझ्या तर हाताखाली होतं सगळं."

"नाही लावला मी अंगठा."

"का?"

"भीती वाटायची," पद्मजा म्हणाली. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "तिला त्रास झालेला असला तर? एकटीच होती. हाक मारता येत नव्हती. ते आकड्यांमध्ये वाचायचं मला होत नव्हतं, अण्णा."

"मग मला का ओरडत होतीस दोन वर्षं?"

"मला वाटायचं, तुम्ही वाचाल. आणि मला सांगाल, त्रास नाही झाला म्हणून."

अण्णांनी चष्मा काढला. काच पुसली, पुन्हा पुसली. बाहेर आता पुरता अंधार झाला होता.

"नाही झाला," ते म्हणाले. "अजिबात त्रास नाही झाला तिला."